मणक्याची शस्त्रक्रिया: दोन सर्जन, दोन मते, निर्णय कसा घ्यावा?

प्रश्न (देवगड तालुका)

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून आमची हापूसची बाग आहे. गेल्या दीड वर्षापासून चालताना त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे येतात, पायांना मुंग्या येतात आणि घरापासून बागेपर्यंतच्या पाखाडीवर त्यांना दोन-तीन वेळा बसावे लागते. बसले की पाच मिनिटांत बरे वाटते. पुढे वाकून पाखाडी चढताना त्रास कमी असतो आणि उतरताना वाढतो, याचे आम्हांला फार आश्चर्य वाटते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांपाशी नसांची जागा अरुंद झाल्याचे आणि चौथा मणका थोडा पुढे सरकल्याचे दिसले. गोळ्या, व्यायाम आणि मणक्यातले एक इंजेक्शन, सगळे करून झाले. इंजेक्शनाने जेमतेम दोन महिने आराम पडला.

कोल्हापूरच्या सर्जनांनी स्क्रू आणि सळ्या बसवून दोन्ही मणके जोडावे लागतील असे सांगितले. मुंबईच्या सर्जनांच्या मते नसांवरचा दाब काढणे पुरेसे आहे. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही नीट वेळ दिला, त्यामुळे कोणाचे ऐकावे हेच कळत नाही. वडील म्हणतात, आंबा उतरवून झाला की बघू. मला मात्र तोवर पाय कायमचे अधू होतील की काय याची धास्ती वाटते.

उत्तर १ (चिपळूण)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही पाहण्याचे माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाखाडीचे जे निरीक्षण तुम्ही लिहिले आहे, ते या आजाराची मोठी खूण आहे. पुढे वाकल्यावर मणक्यातली नसांची वाट थोडी रुंद होते, म्हणून चढताना आणि बसल्यावर बरे वाटते. उतरताना कंबर मागे झुकते आणि ती वाट आणखी आवळली जाते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या अशाच भरून येतात, परंतु तेव्हा नुसते उभे राहिले तरी आराम पडतो, बसावे किंवा वाकावे लागत नाही. वडिलांना मधुमेह असेल किंवा तंबाखूची सवय असेल तर पायांच्या नाड्या एकदा तपासून घ्या, कारण दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात आणि तसे असल्यास केवळ मणक्याच्या शस्त्रक्रियेने चालणे पूर्ण सुधारत नाही.

आता मतभेदाविषयी. तुमच्या दोन्ही सर्जनांपैकी कोणी चुकीचे सांगत आहे असे मानू नका, कारण हा प्रश्न जगभर वादाचा राहिला आहे. २०१६ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. स्वीडनमधल्या २४७ रुग्णांच्या अभ्यासात दाब काढण्याच्या जोडीला मणके जोडल्याने अधिक फायदा आढळला नाही. अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या अभ्यासात मणके जोडलेल्यांची प्रकृती थोडी अधिक सुधारली आणि त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळही कमी आली. २०२१ मध्ये नॉर्वेतल्या २६७ रुग्णांच्या अभ्यासात, मणका सरकलेला असूनही, नुसता दाब काढणे कमी पडत नाही असे दिसले. त्यामुळे ‘मणका सरकला आहे, म्हणून स्क्रू लागतीलच’ असे सरसकट म्हणता येत नाही.

तुमच्या वडिलांचा मणका हालचालीत किती सरकतो, हे पाहावे लागेल. एमआरआय झोपवून काढतात, त्यात ते कळत नाही. त्यासाठी उभे राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रे लागतात. ते झाले आहेत का? नसतील तर आधी ते काढा आणि तेच एक्स-रे दोन्ही सर्जनांना दाखवा. मणका स्थिर असेल आणि मुख्य तक्रार कमरेची नसून पायांची असेल, तर नुसता दाब काढण्याच्या बाजूने बरेच बोलता येते. मणका बराच हलत असेल तर कोल्हापूरच्या सर्जनांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागेल.

उत्तर २ (राजापूर)

माझी अशीच शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी झाली. सर्वांत आधी ज्या सर्जनांकडे गेलो, त्यांनी चित्रे न पाहता केवळ अहवाल वाचून तारीख दिली, म्हणून मी तिथून परत आलो. अहवालाबरोबर एमआरआयची सीडी न्या आणि डॉक्टर ती स्वतः उघडून पाहतात का, याकडे लक्ष ठेवा. अस्थिरोग सर्जन की न्यूरोसर्जन, या वादात फार अडकू नका. दोघेही ही शस्त्रक्रिया करतात, पण त्यांच्या कामाचा मुख्य भाग मणकाच आहे का, हे विचारा. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, प्रत्यक्ष हात तुमचाच असेल का, नसांच्या आवरणाला छिद्र पडले किंवा जंतुसंसर्ग झाला तर काय करता, हेही मी विचारले. ज्यांनी हे ऐकून न चिडता सगळे समजावून सांगितले, त्यांच्याकडेच मी शस्त्रक्रिया करून घेतली.

माझे चालणे सुधारले, पोटऱ्यांचे गोळे गेले. डाव्या तळव्याची बधिरता मात्र अजून आहे, आणि ती राहू शकते हे मला आधीच सांगितले गेले होते. कंबरही अधूनमधून दुखते.

स्क्रू बसवायचे ठरले तर मशेरी आणि तंबाखू बऱ्याच आधीपासून पूर्ण बंद करायला लावा, कारण निकोटीनमुळे हाडे जुळायला अडथळा येतो. टाके निघेपर्यंत रुग्णालयाजवळ राहण्याची सोय करा. महामार्गावरून गाडीत धक्के खात येण्यापेक्षा मी नंतर रेल्वेने झोपून आलो, ते फार बरे झाले. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर खुर्चीची सोय आधीच करून ठेवा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, ते योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

उत्तर ३ (सावंतवाडी)

हंगाम संपेपर्यंत थांबण्याविषयी एवढेच सांगतो. हा त्रास बहुधा हळूहळू वाढतो, त्यामुळे विचार करायला वेळ असतो. परंतु लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना किंवा पायांतली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर एक दिवसही थांबू नका. माझ्या भावाची गादी सरकून एका रात्रीत लघवी बंद झाली होती. आम्ही सकाळची वाट न पाहता निघालो, आणि डॉक्टरांनीही नंतर सांगितले की अशा वेळी तासांचा हिशेब असतो. या खुणा आज वडिलांना आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. वाकून काढलेले एक्स-रे झालेच नव्हते, ते काल कणकवलीला काढून घेतले आणि दोन्ही सर्जनांना पाठवले. वडील मशेरी लावतात, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. उत्तर २ वाचून दाखवल्यावर त्यांनी डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. खुणांची यादी मी लिहून माजघरातल्या कपाटावर चिकटवली आहे. पायांची ताकद टिकून असेल तर मेअखेर आंबा उतरला की पावसाच्या तोंडाला शस्त्रक्रिया करावी, असे आम्ही ठरवत आहोत, म्हणजे पुढचे महिने त्यांना घरात विश्रांती मिळेल. एक्स-रेवर दोघे काय म्हणतात, ते इथेच कळवीन.