पाच हजारांत टेबलासाठी: अॅम्प-स्पीकर वेगळे की एकत्र?

दर्यापूर (धागाकर्ता):
गावातली पोरं हेच विचारतात, म्हणून सरळ सांगतो. अॅम्प (आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर) वेगळा, स्पीकर वेगळे घ्या. टीपीए३११६ चिपचा क्लास-डी (कमी तापणारा) अॅम्प बोर्ड आणि जुने पण धड बुकशेल्फ (छोटे, टेबलावर मावणारे) स्पीकर. जास्तीचा पैसा स्पीकरवर घाला, आवाज तिथंच ठरतो. बोर्डाच्या ‘५० वॉट’ला भुलू नका. तो आकडा २१ व्होल्टवर, ४ ओमच्या स्पीकरला, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) धरून काढलेला आहे. १२ व्होल्टवर त्याच्या निम्माही निघत नाही. पण हातभर अंतरावर बसून ऐकणाऱ्याला एक-दोन वॉटही पुरतात.

काटोल:
भाऊ, मला नाही पटलं. नवख्यानं अॅक्टिव्ह जोडीच घ्यावी. अॅम्प आतच असतो, त्याच स्पीकरशी जुळवलेला. तुमच्या उघड्या बोर्डावर उन्हाळ्यात धूळ बसते, पावसाळ्यात पाल शिरते. आणि जुने स्पीकर पाहायला अमरावती गाठायची, घरी आणल्यावर स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड कुजलेली निघाली तर पैसे कोण देणार?

दर्यापूर:
फोमची कड बोटानं हलकी दाबून पाहायची. चुरा हाताला लागला की स्पीकर तिथंच ठेवायचा. रबराची कड असली तर बरंच.

दिग्रस:
राजेहो, लाइनचं कोणीच बोलून नाही राहिलं! आमच्याकडं व्होल्टेज कधी कधी १७० वर येते. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवाल्या होम थिएटरचा बास तेव्हाच बसते. साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतेच. क्लास-डी बोर्डाचा अॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा असला का त्याले फरक पडत नाही. लाइन गेली का मी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी बोर्डाले लावतो. अॅक्टिव्हवाल्यानं काय लावावं?

तिरोडा:
एवढं कशाला? एलए४४४० या जुन्या अॅम्प चिपचा बोर्ड तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीकडं मिळतो. १३.२ व्होल्टवर ६-६ वॉट. बिघडला तर तोच दुरुस्त करून देतो.

काटोल:
आणि त्या एलए४४४० च्या हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) हात लावून पाहा. त्याची बरीच वीज उष्णतेतच जाते, बॅटरीवर तर हा तोटाच. दिग्रसच्या दादांचा बॅटरीचा मुद्दा मात्र मानतो.
सगळेच एक गोष्ट विसरता: खोली. वर टिन, चारी बाजूंनी उघड्या भिंती, तिथं महागडा स्पीकरही किणकिणतो. जोडी भिंतीपासून वीतभर पुढं घ्या, खाली गोधडीची घडी ठेवा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आणा. यात एक रुपया जात नाही आणि अॅम्प बदलण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

दर्यापूर:
खोलीचं शंभर टक्के खरं. बोर्डही डब्यासकटच घ्यावा, हेही मान्य. पण तुमच्या जोडीत बहुतेक वेळा अॅम्प एकाच डब्यात असतो. तो गेला की दोन्ही मुके. तो उघडून नीट करणारा माणूस आपल्या तालुक्यात दाखवा, मी मत बदलतो.