'अ‍ॅक्विझिशन'ला मराठीत काय म्हणावे? रडारचे वेगळे, खरेदीचे वेगळे?

रानवारा
मंडळी, अमेरिकेच्या 'सेफगार्ड' या जुन्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवरचा एक लेख मराठीत करते आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. मूळ लेखात 'अ‍ॅक्विझिशन' दोन अगदी वेगळ्या जागी येतो.

एक, रडारच्या नावातच. उत्तर डकोटात 'पेरिमीटर अ‍ॅक्विझिशन रडार' उभारले होते. उत्तर ध्रुवाच्या बाजूने येणारे क्षेपणास्त्र आधी याला दिसणार, हे त्याचा मार्ग मोजून ती माहिती दुसऱ्या रडारकडे देणार, आणि ते दुसरे रडार त्याला पाडणाऱ्या स्पार्टन आणि स्प्रिंट क्षेपणास्त्रांना वाट दाखवणार, अशी रचना होती.

दोन, सैन्याने एखादी यंत्रणा ठरवून, घडवून, तपासून, पैसे मोजून ताफ्यात घ्यायची जी सगळी प्रक्रिया असते, तिला.

मी दोन्हीकडे 'अधिग्रहण' लिहिले. हिंदीत सैन्याच्या मोठ्या खरेदीला मान्यता देणारी 'रक्षा अधिग्रहण परिषद' आहेच, आणि आपल्या बातम्यांतही तो शब्द सर्रास दिसतो. संपादकांनी दोन्हीकडे लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, "मराठीत अधिग्रहण विहिरीचे होते." तुम्हाला काय वाटते?

अवकाळी
संपादकांशी शंभर टक्के सहमत. आमच्या बीडकडे हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. टंचाई जाहीर झाली की तहसीलचा आदेश येतो, खासगी विहीर किंवा बोअर गावासाठी 'अधिग्रहित' होते, मालकाला ठरलेला मोबदला मिळतो, आणि पाऊस झाला की विहीर पुन्हा त्याची. मालकी कुठेच जात नाही. निवडणुकीत गाड्या घेतात तेही अधिग्रहणच. जमीन कायमची जाते तेव्हा आपण 'भूसंपादन' म्हणतो. हिंदीवाले तिलाही 'भूमि अधिग्रहण' म्हणतात, तो त्यांचा व्यवहार. मराठीत 'क्षेपणास्त्रांचे अधिग्रहण' वाचले की मला वाटते, सैन्याने कुणाची तरी क्षेपणास्त्रे हंगामापुरती मागून आणली आहेत.

शब्दनिष्ठ
एका तालुक्याच्या कचेरीतल्या वापरावरून शब्दाचा अर्थ आक्रसून घेऊ नये. अधि + ग्रह्, म्हणजे अधिकाराने आपलेसे करणे. त्यात परत देण्याची अट कुठेही नाही. अर्थ स्पष्ट आहे, घडण संस्कृत आहे, देशभर समजतो. उलट 'संपादन' म्हटले की वाचकाला वर्तमानपत्राचा संपादक आठवतो. आणि कुणी 'खरेदी' सुचवायच्या आत सांगतो, तो शब्द फारसी आहे.

अवकाळी
शब्दनिष्ठजी, फारसी असला म्हणून काय झाले? माझ्या आजोबांच्या जमिनीचे खरेदीखत आहे, त्याला 'क्रयपत्र' म्हटले तर तलाठ्याला तरी कळेल का? आणि हा एका तालुक्याचा वापर नव्हे. टंचाईचे आदेश राज्यभर याच शब्दात निघतात.

खडकीकर
दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी गेली, म्हणून या वादात बोलायचा थोडा हक्क समजतो.

नुसते 'खरेदी' म्हणून भागणार नाही, याचे कारण फारसी-संस्कृत नाही. सरकारदरबारी या दोन वेगळ्या वाटा आहेत. गणवेश, सुटे भाग, रोजचा दारूगोळा, दुरुस्ती हा महसुली खर्च. त्याला नियमपुस्तिका वेगळी आणि तिच्या नावात 'प्रोक्युरमेंट', म्हणजे खरेदी. विमान, तोफ, रडार, क्षेपणास्त्र यंत्रणा या भांडवली गोष्टी. त्यांचीही पद्धत आधी 'प्रोक्युरमेंट' नावानेच चालायची. २००२ पासून ती कागदावर होती, वेळोवेळी सुधारत गेली, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या आवृत्तीत नाव बदलून 'अ‍ॅक्विझिशन' केले. परिषदेच्या नावात मात्र 'अ‍ॅक्विझिशन' २००१ पासूनच आहे. म्हणजे करणाऱ्यांनाच खरेदी हा शब्द तोकडा वाटला. माल बाजारात तयार नसतो. आधी गरज ठरते, मग ती कुणी भागवायची हे ठरते, मग नमुना, चाचण्या, वाटाघाटी, करार, आणि पुढे वर्षानुवर्षे देखभाल. यातली प्रत्यक्ष खरेदी ही एक पायरी.

त्यातली पहिली पायरी बघा. परिषद आधी 'गरज आहे' एवढेच मान्य करते. त्याला मराठी बातम्यांत 'आवश्यकतेची स्वीकृती' छापतात आणि वाचकाला वाटते, खरेदी झाली. हजारो कोटींचा मथळा येतो, प्रत्यक्षात एक रुपया गेलेला नसतो, निविदाही निघालेली नसते.

कचेरी ते कविता
खडकीकर काका, त्या पायरीला आपल्याकडे आयता शब्द आहे हो! जिल्हा परिषदेत रस्त्याच्या कामाला आधी 'प्रशासकीय मान्यता', मग 'तांत्रिक मान्यता', मग निविदा. सरपंचाला 'प्रशासकीय मान्यता मिळाली' म्हटले की तो लगेच विचारतो, "निधी कधी?" त्याला कळते की अजून काही आलेले नाही. 'गरजेला मान्यता' असे साधे लिहा. 'स्वीकृती'मध्ये माल स्वीकारल्याचा भास होतो.

खडकीकर
'गरजेला मान्यता' उत्तम. घेतला.

तोफची
रानवाराताई, तुमच्या रडारकडे कुणी बघितलेच नाही, म्हणून लिहितो. तोफखान्यात होतो, शिकलो देवळालीला. आमच्याकडे 'साटा' नावाच्या तुकड्या असतात, नावाचा अर्थच टेहळणी आणि टारगेट अ‍ॅक्विझिशन. तिथे खरेदीचा काही संबंध नाही. हवाई दलातल्या 'रोहिणी' रडारचे मूळही 'सेंट्रल अ‍ॅक्विझिशन रडार' असेच. आकाश क्षेपणास्त्रासाठी ते आधी दूरवर बघते, मग 'राजेंद्र' रडार त्या लक्ष्याचा माग धरते आणि क्षेपणास्त्राला नेते.

या कामाला मराठीत शिकाऱ्याचे शब्द आहेत आणि ते नेमक्या क्रमाने आहेत. आधी सावज हेरतात, मग माग ठेवतात, मग नेम धरतात, शेवटी टिपतात. अ‍ॅक्विझिशन म्हणजे पहिली पायरी, हेरणे. आभाळात हजार ठिपके आहेत, पक्षी आहेत, ढग आहेत, प्रवासी विमान आहे, त्यातून 'हा आपला' म्हणून एक वेगळा काढणे. कृपा करून 'लक्ष्य टिपले' लिहू नका. वाचक समजेल, पाडलेच.

रानवारा
तोफचीकाका, फार फार धन्यवाद. 'हेर-रडार' कसे वाटते?

शब्दनिष्ठ
हेर म्हणजे गुप्तहेर. वाचकाचा गोंधळ होईल. 'लक्ष्यग्राही रडार' म्हणा.

तोफची
ग्राही म्हणजे घेणारे, की धरणारे, की आकलन करणारे? जवानाला तीनदा समजवावे लागेल असा शब्द रणात चालत नाही. ज्याने 'रणगाडा' शब्द दिला त्याला मी मानतो. रण आणि गाडा, बस. टॉर्पेडोला 'पाणतीर', तोही तसाच. ऐकला की वस्तू डोळ्यापुढे येते.

मोडीवाला
रणगाड्याचा विषय निघालाच आहे तर थोडे जुने सांगतो. पेशवाईतल्या कागदांत 'बाण' येतो तेव्हा बरेचदा तो धनुष्याचा नसतो, दारू ठासलेला, शेपूट पेटवून सोडायचा अग्निबाण असतो. तो चालवणारा बाणदार. रॉकेटला आपल्याकडे तयार शब्द होता, वापरात होता, आणि आपण तो दिवाळीच्या फटाक्यापुरता ठेवला.

'डागणे' मात्र टिकले. आज "उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र डागले" असे आपण न अडखळता लिहितो. डाग म्हणजे तापल्या लोखंडाचा चटका. तोफेच्या कान्यावर, म्हणजे दारू पेटवायच्या छिद्रावर, पेटती बत्ती टेकवायची, म्हणून तोफ डागायची. क्षेपणास्त्राला ना काना ना बत्ती, तरी क्रियापद तेच राहिले, आणि मला त्याचा आनंद आहे.

शब्दनिष्ठजींना एवढेच सांगायचे आहे की परके शब्द बदलण्याचा प्रयोग महाराजांच्या काळात झाला आहे. १६७४ला राज्याभिषेकाच्या वेळी सरनोबताचा सेनापती झाला, डबीराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव. सेनापती आणि सचिव आजही चालतात. पण पेशव्याचा 'मुख्य प्रधान' केला आणि लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तरी तोफ तोफच राहिली, बंदूक बंदूकच. कुठला शब्द टिकेल हे कोशकार ठरवत नाही.

शब्दनिष्ठ
पण प्रयत्न केला नसता तर सेनापती आणि सचिवही मिळाले नसते! मी तेच म्हणतो आहे. आज 'अ‍ॅक्विझिशन' जसाच्या तसा लिहायला लागलो तर पुढची पिढी 'हेरणे'सुद्धा विसरेल. आणि मूळ धरून बोलायचे तर 'क्षेपणास्त्र' ही जोडणीच सदोष आहे. अस् म्हणजे फेकणे, त्यावरून अस्त्र. शस् म्हणजे कापणे, त्यावरून शस्त्र. अस्त्र हे फेकायचेच असते, मग आधी क्षेपण कशाला?

पैलतीर
कारण नुसते 'अस्त्र' म्हटले की मराठी माणसाला ब्रह्मास्त्र आठवते, नाहीतर राजकारण्याने 'उपोषणाचे अस्त्र उगारले' हे आठवते. रूढ शब्दाचा पंचनामा करून काय मिळणार?

सातासमुद्रापार
मी अमेरिकेत हंट्सव्हिलला असतो. हे गावच क्षेपणास्त्रांच्या धंद्यावर उभे आहे, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो, रानवारा यांना लेखात उपयोगी पडतील.

पहिली, सेफगार्डचे ते ठिकाण १ ऑक्टोबर १९७५ला पूर्ण कार्यरत झाले आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या प्रतिनिधिगृहाने ते बंद करण्याच्या बाजूने मत दिले. काही महिन्यांत क्षेपणास्त्रांचा भाग बंद झाला. पण ते अ‍ॅक्विझिशन रडार हवाई दलाने ठेवून घेतले आणि ते आजही आभाळावर नजर ठेवते. म्हणजे तुमच्या लेखातल्या एका अ‍ॅक्विझिशनचे पैसे पाण्यात गेले आणि दुसरे टिकले. दोन शब्द वेगळे हवेत हे यावरूनच पटावे.

दुसरी, जानेवारी २००२मध्ये इथल्या क्षेपणास्त्र संरक्षण संस्थेला आजचे नाव मिळाले, तेव्हा तिला नेहमीच्या खरेदी-नियमांतून बरीच सूट दिली गेली. आधी सगळी गरज लिहून काढायची, मग बांधायचे, हा क्रम सोडून जेवढे जमते तेवढे बसवा आणि पुढे सुधारत जा, अशी पद्धत धरली. त्याला 'स्पायरल' म्हणत. याला मराठीत काय म्हणाल? 'सर्पिल विकास' मी एका ठिकाणी वाचले आणि खरोखर वाईट वाटले.

कचेरी ते कविता
'टप्प्याटप्प्याने सुधारत नेणे'. एकच शब्द हवा हा हट्ट का? मराठी वाक्याला क्रियापद झेपते.

पैलतीर
अवांतर, पण महत्त्वाचे. "क्षेपणास्त्र संरक्षण" हा शब्दच कुणाला खटकत नाही का? वनसंरक्षण म्हणजे वनाचे संरक्षण. ग्राहक संरक्षण म्हणजे ग्राहकाचे. मग क्षेपणास्त्र संरक्षण म्हणजे क्षेपणास्त्राचे संरक्षण? अर्थ नेमका उलटा होतो! 'क्षेपणास्त्रविरोधी' किंवा विमानभेदी तोफेसारखे 'क्षेपणास्त्रभेदी' असेच लिहायला हवे.

मोडीवाला
तसे नाही. समासात पंचमीही असते. चोरभय म्हणजे चोरापासून भय. 'पूरसंरक्षक भिंत' आपण रोज म्हणतो, ती पुराला वाचवत नाही, पुरापासून वाचवते. सांगली-कोल्हापुरात कुणालाही विचारा.

पैलतीर
पूर वाचवायची गोष्ट नाही, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. क्षेपणास्त्र मौल्यवान असते, त्याचेही संरक्षण करावे लागते. बंकरमध्ये ठेवतात ते कशासाठी? तिथे संदिग्धता खरी आहे.

तोफची
पैलतीर यांचा मुद्दा बरोबर आहे. सैन्यात आपल्या क्षेपणास्त्रांचा तळ सांभाळणे हे काम वेगळे आणि शत्रूचे क्षेपणास्त्र हवेत पाडणे वेगळे. सेफगार्डचे तर मुख्य काम स्वतःच्या क्षेपणास्त्रांचे तळ वाचवणे हेच होते! तिथे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात.

रानवारा
हे फारच उपयोगी आहे, हा मुद्दा मूळ लेखातही आहे आणि मी तो वाक्यात कसा बसवावा या विचारात होते. पण मंडळी, लेख द्यायचा आहे आणि खरेदीच्या अ‍ॅक्विझिशनचा निकाल अजून लागलेला नाही. 'अधिग्रहण' नको हे मला आता पटत चालले आहे. 'संपादन' की 'खरेदी प्रक्रिया'?

खडकीकर
'संरक्षण सामग्री संपादन' लिहा. पुढे 'सामग्री' असली की कुणाला वर्तमानपत्र आठवत नाही.

अवकाळी
'संपादन' म्हणजे आमच्याकडे जमीन जाणे. धरणात गेलेल्या माणसाला विचारा तो शब्द कसा लागतो. 'खरेदी प्रक्रिया' बरे.

शब्दनिष्ठ
'अधिग्रहण' नको असेल तर 'अधिप्राप्ती' म्हणा.

पैलतीर
मोडीवाला, मी काल जुनी व्याकरणे चाळली. चोरभयमध्ये 'भय' हा शब्दच पंचमी मागतो. 'संरक्षण'ही तशी पंचमी मागतो का? कशाचे संरक्षण आणि कशापासून संरक्षण, दोन्ही चालते, म्हणून तुमचे उदाहरण इथे लागू होत नाही.

मोडीवाला
दोन्ही चालते, हेच तर मी म्हणतो आहे! 'अग्निसंरक्षण' घ्या. आगीपासून की आगीचे?

पैलतीर
अग्निहोत्र्याच्या घरी विचारलेत तर आगीचे.