गिरणगाव नसतं तर सुर्व्यांची कविता आली असती का?

परळकर: चाळीसमोरची गिरणी पाडून आता टॉवर झालाय, काल तिथून जाताना नारायण सुर्वे आठवले. रस्त्यावर सापडलेलं पोर, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलं, पुढे स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई आणि मग मास्तर... हे आयुष्य नसतं तर ती कविता आली असती?

मी_लालबागची: नुसत्या हलाखीने कविता येत नाही रे. आजूबाजूला युनियन होती, मोर्चे होते, अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक होतं, म्हणजे ऐकणारी माणसं आधीच तयार होती, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नाक्यावरचा: कवी नामदेव ढसाळांचंही बघा ना, टॅक्सी चालवली, कामाठीपुरा जवळून पाहिला, १९७२ ला गोलपिठा हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी दलित पँथर ही संघटना. मराठी कवितेची भाषाच बदलली.

परळकर: पटलं.

मी_लालबागची: आणि परिस्थिती कला बंदही पाडते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आजोबा त्यात होते, मग मजल्यावरची माणसं एकेक करत कोकणात परतली आणि आमचं भजनी मंडळ मोडलं. त्यांची पखवाज अजून माळ्यावर आहे.