बुद्धिबळात ग्रँडमास्टरचे डाव 'अभ्यासायचे' म्हणजे नेमकं काय करायचं? (रेटिंग १४८०)

प्यादं_पुढे:
भाचा नववीत, फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) क्लासिकल रेटिंग १४८०. कोडी पटापट सोडवतो, ओपनिंगच्या दहा-बारा चाली पाठ आहेत. त्यापुढे बेत सुचत नाही, मग हत्ती इकडून तिकडे हलवत बसतो. सगळे म्हणतात मोठ्यांचे डाव पाहा. पाहतो ना, अर्ध्या तासात आठ व्हिडिओ! फरक काहीच नाही. शाळेच्या दिवसांत रोज ४५ मिनिटं मिळतात, सुट्टीत दीड तास. कोणाचे डाव, किती आणि कसे? नागपुरात कोणी असं करून घेत असेल तर तेही सांगा.

बर्डीचा_घोडा:
भाऊ, अर्ध्या तासात आठ डाव म्हणजे सिनेमा झाला. आठवड्याला दोन डाव पुरे.

पट खरा मांडा, घरं ५ ते ६ सेंटीमीटरची. स्पर्धा मोबाईलवर होत नाही आणि पडद्यावर सरावलेल्या डोळ्याला पटावरचे लांबचे कर्ण दिसत नाहीत. ओपनिंग सरळ खेळून घ्या. दहाव्या-बाराव्या चालीपासून छापील चाली कागदाने झाकून, तो खाली सरकवत जिंकणाऱ्याच्या बाजूने चाल ओळखायची. दर चालीला ३ ते ५ मिनिटं. आधी वहीत दोन गोष्टी लिहायच्या: समोरच्याला काय करायचंय आणि माझा कुठला मोहरा सगळ्यात निकामी बसलाय. मग आपली चाल लिहायची आणि त्यानंतरच कागद सरकवायचा.

सुरुवात बोटविन्निक–कापाब्लांका (पहिलं नाव पांढऱ्याचं), आवरो स्पर्धा १९३८ पासून करा. यातली ३०वी चाल, उंट ए३ (म्हणजे ए रांगेतल्या तिसऱ्या घरावर, वजिराला फुकट), सगळ्यांना पाठ असते. पोरं तिथेच टाळ्या वाजवतात आणि डाव संपला म्हणून पुढे जातात. शिकायचं आहे ते १५ ते २४ या चालींत. काळ्याने १४व्या चालीला प्यादं सी४ वर ढकललं की तिथे थांबवा आणि विचारा, आता कोणी कुठे खेळायचं? काळ्याचा घोडा चार चालींत बी८, सी६, ए५, बी३ असा फिरतो, कशासाठी तर ए४ चं प्यादं. ते १९व्या चालीला वजिराने मिळतंही. पण तेवढ्याच वेळात पांढऱ्याने हत्ती ई१ वर, घोडा जी३ वर आणून एफ३ आणि ई४ केलंय. पुढे ई५, एफ४, एफ५, आणि २७व्या चालीला ई६ वर पास्ड प्यादं (पुढे अडवायला समोरच्याचं प्यादं नसलेलं). बी३ चा घोडा शेवटपर्यंत तिथेच, स्वतःच्या राजापासून कोसभर लांब. उंट ए३ चालतो तो यामुळे.

संत्रानगरी६४:
नागपूरचा पोरगा आणि सुरुवात १९३८ पासून काहून? दिव्या देशमुख इथलीच. २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, फायनलमध्ये कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून थेट ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हेही आपलेच. यांचे डाव दाखवले तर पोराला गोडी लागेल.

बर्डीचा_घोडा:
गोडीसाठी जरूर दाखवा. अभ्यासाला आत्ता नको. आजच्या डावात पंधरा-वीस चाली घरी तयार केलेल्या असतात आणि समोरचाही प्रत्येक बेत मोडत असतो. त्यामुळे बेत अर्धाच दिसतो. जुन्या डावांत एक बाजू बेत पूर्ण करते, दुसरीला तो उशिरा कळतो. रुबिन्स्टाईन–साल्वे, लॉड्झ १९०८ घ्या: सी५ आणि डी४ ही घरं अडवली की काळ्याची सी आणि डी प्यादी पुढे सरकतच नाहीत. १८०० झाल्यावर दिव्याचे डाव घ्या. पेट्रोस्यानने झुरिच १९५३ ला रेशेव्स्कीविरुद्ध हत्ती ई६ वर नेऊन उंटाच्या बदल्यात देऊ केला, तोही तेव्हाच; आत्ता दाखवला तर पोरगा प्रत्येक डावात हत्ती देत सुटेल.

प्यादं_पुढे:
त्याची चाल जुळली नाही तर चूक समजायची का? आणि इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) कधी लावू? तो दर चालीला लावतो.

काळी_घरं:
जुळली की नाही याचे गुण देऊ नका, नाहीतर तो तुक्के मारायला लागेल. तीन खाने करा: चाल जुळली, चाल वेगळी पण बेत तोच, बेतच वेगळा. तिसऱ्या खान्यातल्याच चाली वहीत उतरवायच्या, एका डावात तीन-चार निघतात. शेजारी एक ओळ: 'मी वजिराच्या बाजूला बघत होतो, काम मध्ये होतं.'

इंजिन दुसऱ्या दिवशी, तेही फक्त त्या तीन-चार चालींवर. इंजिन कोण किती प्याद्यांनी पुढे ते आकड्यात सांगतं; ०.२ आणि ०.४ मधला फरक या रेटिंगला निरर्थक. एकाहून जास्त फरक दिसला तर बहुधा टॅक्टिक (दोन-चार चालींचा डावपेच) हुकलंय, तेवढं शोधून काढा. 'का' मात्र इंजिन सांगत नाही. कार्पोव्ह–उंझिकर, नीस १९७४ मध्ये पांढरा २४व्या चालीला उंट ए७ वर टाकतो. आकडा पाहून काही कळणार नाही. खरं काम असं की ए फाईल (घरांची उभी रांग) बुजवली, त्यामुळे काळ्याला हत्तींची अदलाबदल करता येत नाही आणि पांढरा मागे दोन्ही हत्ती निवांत एकामागे एक लावतो. गंमत म्हणजे तो उंट पुन्हा हलतच नाही. काळा त्या फाईलची राखण करत राहतो आणि डाव ४४व्या चालीला राजाच्या बाजूला संपतो.

लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवर स्टडी (डाव साठवायची वही) फुकट आहे, एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात. चॅप्टर बनवताना 'पुढच्या चाली लपवा' हा पर्याय निवडा, कागद सरकवायची गरज नाही. मला मात्र पटच बरा वाटतो.

संत्रानगरी६४:
मान्य. मग फिशर–पेट्रोस्यान, ब्युनोस आयर्स १९७१, सातवा डाव पण घ्या. २२व्या चालीला फिशर सी५ वरचा देखणा घोडा देऊन डी७ चा रडका उंट घेतो. पोरगं 'चांगला मोहरा जपायचा' एवढंच शिकलं असेल तर हमखास चुकेल. पुढच्या दोन चालींत हत्ती सी१, हत्ती सी७ बघितलं की कळतं, घोड्याने अडवलेली सी फाईल हवी होती. किती देखणा मोहरा दिला ते मोजू नका, पटावर काय उरलं ते पाहा.

बर्डीचा_घोडा:
आणि ४५ मिनिटांत डाव अर्धाच होईल. होऊ द्या. स्थिती लिहून ठेवा, उद्या तिथूनच. क्लासबद्दल इथे नाव घेऊन सांगत नाही, पण जाल तिथे एक विचारा: एका डावावर किती वेळ देता? 'तासात पाच-सहा' म्हणाले तर परत या.

एंडगेमवाला:
सगळे मधल्या डावातच अडकले. कापाब्लांका–तार्ताकोव्हर, न्यूयॉर्क १९२४, हत्तींचा शेवट. ३५व्या चालीला राजा जी३ वर येतो तिथे थांबवा. दोन प्यादी जाणार आहेत, दोन्ही शहासकट, तरी राजा पुढे काहून? 'राजा एफ६ वर, हत्ती एच७ वर, जी६ चं प्यादं सोबत' हे चित्र त्याने स्वतः वहीत काढेपर्यंत ३६वी चाल उघडू देऊ नका.