लंडनमध्ये नाताळ: आई आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन काय काय बघू?

मोरपीस
नमस्कार मंडळी. २० ते २७ डिसेंबर लंडनला जातोय. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. मुक्काम पॅडिंग्टन स्टेशनजवळ. टॉवर ब्रिज, राजवाडा ही नेहमीची यादी तयार आहे. मला हवंय ते खास नाताळातलं, एरवी गेलं तर दिसणार नाही असं. लेकीला दिवे बघायचेत आणि बर्फात खेळायचंय. आईला एकदा तरी मोठ्या चर्चमध्ये बसून गाणं ऐकायचंय. आम्ही ख्रिश्चन नाही, तर आत बसू देतात का? २५ तारखेला सगळं बंद असतं असं ऐकलंय, ते कितपत खरं? आई शाकाहारी आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

टेकडी
दिव्यांसाठी आईंना चालवू नकोस. बेकर स्ट्रीटहून १३९ नंबरची बस घ्या आणि डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसा. ती ऑक्सफर्ड स्ट्रीट, रीजंट स्ट्रीट, पिकाडिली सर्कस असं करत ट्रॅफल्गर स्क्वेअरला नेते. रीजंट स्ट्रीटवर पंख पसरलेल्या दिव्यांच्या पऱ्या रस्त्यावर आडव्या टांगलेल्या असतात. खालून चालताना मान दुखते, वरच्या मजल्यावरून त्या थेट काचेसमोर येतात. माझा मुलगा दोन्ही तळवे काचेला लावून बसला होता, उतरायचं नावच घेईना.

रीजंट स्ट्रीटवर नाताळचे दिवे १९५४ पासून लागतात, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९५९ पासून. डिसेंबरच्या शेवटी चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे साडेचारला निघालात तरी पुरता अंधार असतो आणि लेक जेवणाच्या वेळेला घरी. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसचं तिकीट लागत नाही. फक्त संध्याकाळी या भागात वाहतूक तुंबते, घाई असेल त्या दिवशी नको.

पाऊलवाट
मी इथे बरीच वर्षं आहे. दरवर्षी कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि २५ तारखेला फसतात, म्हणून आधी तेवढंच सविस्तर लिहिते.

ऐकलंयस ते खरं आहे. २५ डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, बस नाही, रेल्वेही नाही. गाड्या कमी असतात असं नव्हे, नसतातच. मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला कायद्यानेच बंदी आहे, कोपऱ्यावरची छोटी दुकानं काही उघडी मिळतात. टॅक्सी मिळते पण वाढीव दराने. ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅशनल गॅलरी ही सगळी २४, २५, २६ असे तीन दिवस बंद. म्हणजे लेकीला डायनासोर दाखवायचे असतील तर २३ च्या आत उरका.

आता चांगली बातमी. पॅडिंग्टनला राहताय हे फार छान झालं, कारण हाइड पार्क चालत दहा मिनिटांवर आहे. २५ ला सकाळी पार्कातल्या सर्पेंटाइन तळ्यावर पोहण्याची शर्यत असते. १८६४ पासून चालत आलेली, १०० यार्डांची. बक्षिसाला पीटर पॅन कप म्हणतात. शर्यत नऊला, पण आधी जाऊन जागा धरा. पोहायला फक्त तिथल्या पोहण्याच्या क्लबचे सभासद उतरतात, बघायला कुणीही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या शेजारी एक आजोबा टॉवेल आणि थर्मास घेऊन उभे होते. त्यांची बायको पाण्यात होती! ती बाहेर आली तेव्हा पायांची कातडी लालभडक, आणि चेहऱ्यावर असं हसू की थंडीनं गारठलेले आम्ही सगळे टाळ्या वाजवत सुटलो. ते दृश्य कुठल्याही तिकिटात मिळायचं नाही.

तिथून तळ्याकाठाने रमतगमत परत या. वाटेत बाकं आहेत, आई बसत बसत येतील. रिकामे रस्ते, एकही बस नाही, एवढं मोठं शहर श्वास धरून बसल्यासारखं. मला हा दिवस वर्षात सगळ्यात जास्त आवडतो. फक्त २४ लाच दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. उघडी असलेली बरीच हॉटेलं त्या दिवशी ठरावीक मेन्यू ठेवतात, तोही आधी बुक करून.

चिंचेचं झाड
चर्चबद्दल मी सांगतो, कारण माझ्या आईचीही हीच इच्छा होती.

आत बसू देतात, कुणी धर्म विचारत नाही. सेंट पॉल्स कॅथीड्रल किंवा वेस्टमिन्स्टर ॲबी बघायला गेलात तर चांगलं घसघशीत तिकीट आहे, पण प्रार्थनेला येणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. नाताळच्या मुख्य प्रार्थनांना मात्र काही ठिकाणी मोफत पास आधी घ्यावा लागतो, काही ठिकाणी रांग लावावी लागते. वेबसाइट आत्ताच बघून ठेवा.

गर्दी नको असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. २४ ची वाट न बघता आधीच्या एखाद्या संध्याकाळी इव्हनसाँगला जा. ही गाऊन केलेली सायंप्रार्थना, साधारण पाऊण तासाची. आईंना भाषा कळली नाही तरी चालेल. आम्ही गेलो तेव्हा शेवटचा सूर थांबल्यावर तो घुमटात कितीतरी वेळ फिरत राहिला. आई डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "आपल्या काकडआरतीला असंच होतं." नंतर झोपेपर्यंत गप्प होती, पण समाधानात. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. आईंना उभं राहणं जमत नसेल तर बसून राहिल्या तरी कुणी काही म्हणत नाही.

खाण्याचं: मिन्स पाय, म्हणजे नाताळातली छोटी गोड पेस्ट्री, दिसेल तिथे खायला मन होईल. आत मांस नसतं; मनुका, सफरचंद, मसाला असतो. पण जुन्या पद्धतीत त्यात सुएट घालतात, म्हणजे गाईगुरांची चरबी. ख्रिसमस पुडिंगचंही तेच. वनस्पती सुएटचे मिन्स पाय सुपरमार्केटात सहज मिळतात, पाकिटावर शाकाहारी लिहिलेलं बघून घ्या. रस्त्यावर मोठ्या तव्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, ते आईंना नक्की द्या. उकडलेल्या रताळ्याच्या जवळपास जाणारी चव आहे.

मोरपीस
किती मनापासून लिहिलंत! काकडआरतीचं वाक्य आईला वाचून दाखवलं, तिने लगेच "जायचंच" म्हणून टाकलं. आता दोन शंका. विंटर वंडरलँडची जत्रा की क्यू गार्डन्स या वनस्पती उद्यानातले दिवे? दोन्हींसाठी ना वेळ ना पैसे. आणि बर्फाचं काय?

पाऊलवाट
बर्फाची आशा लेकीला लावू नकोस ताई. लंडनमध्ये नाताळला बर्फ क्वचितच पडतो, पाऊसच जास्त. त्याऐवजी तिला सॉमरसेट हाउसच्या चौकात आइस स्केटिंगला ने. चहूबाजूंनी अठराव्या शतकातली दगडी इमारत, मधे बर्फ, आणि आईंना कडेला उभं राहून नातीला बघता येतं. लहान मुलांना धरायला पेंग्विनच्या आकाराचा आधार मिळतो का, ते तिकीट काढतानाच बघ. असला तर तोही तेव्हाच बुक कर.

विंटर वंडरलँड हाइड पार्कातच आहे, म्हणून जायचा मोह होईल. ती मोठी जत्रा आहे: पाळणे, दिवे, ढणढणणारं संगीत. प्रवेशाला वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट, आत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. संध्याकाळी धक्काबुक्की होते. गेलाच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी. तुमच्या घरच्यांसाठी मी क्यूच म्हणेन. अंधार पडल्यावर झाडांमधून दिव्यांची वाट केलेली असते, साधारण तीन किलोमीटर. हो, आईंच्या गुडघ्यांना हे अंतर जास्त आहे, त्यामुळे व्हीलचेअरची सोय आधी विचारून घे. पण शंभर-दोनशे वर्षांच्या झाडांचे बुंधे खालून उजळलेले बघताना लेकीपेक्षा आईच जास्त रमतील बघ. तिकिटं लवकर संपतात, आजच बघ.

आणि ट्रॅफल्गर स्क्वेअरचं झाड. पहिल्यांदा बघताना ते साधं वाटेल, कारण त्यावर नुसत्या उभ्या ओळीत पांढरे दिवे असतात, नॉर्वेच्या पद्धतीने. तेवढ्यात निघून जाऊ नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे घेतला तेव्हा तिथला राजा आणि सरकार लंडनमध्ये आश्रयाला होते. त्या आधाराची आठवण म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी हे झाड पाठवतं. वीस मीटरहून उंच, जंगलातून तोडून समुद्रमार्गे येतं. संध्याकाळी त्याच्याखाली गायकांचे गट येऊन संस्थांसाठी देणगी गोळा करत कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, गातात. लेकीला ही गोष्ट आधी सांगून मग झाडापाशी ने.

टेकडी
एक राहिलं: पँटोमाइम. नाताळात घरोघरची मंडळी मुलांना घेऊन नाटकाला जातात, प्रेक्षकांनी मध्येच ओरडून पात्रांना सावध करायचं असतं. लेकीला इंग्रजी समजत असेल तर धमाल येईल. वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागातल्या महागड्या तिकिटांपेक्षा हॅकनी एम्पायरसारखं थिएटर बघा.

मोरपीस
ठरलं. २१ ला बस आणि झाड, २२ ला डायनासोर आणि इव्हनसाँग, २३ ला क्यू, २५ ला शर्यत. २४ ला मध्यरात्रीच्या प्रार्थनेला जावं का, एवढंच सांगा.

पाऊलवाट
जाणार असाल तर चालत परत येता येईल असंच चर्च निवडा. २४ ला ट्यूब आणि बस नेहमीपेक्षा लवकर थांबतात. आम्ही एकदा हे न बघता गेलो आणि झोपलेल्या लेकाला खांद्यावर घेऊन रात्री एक वाजता चार किलोमीटर चाललो. रस्ता ओला, थंडी बोचरी, त्याचा एक बूट कुठेतरी पडला तो मिळालाच नाही. पॅडिंग्टनच्या आसपास लहान चर्च आहेत, दारावर वेळ लावलेली असते. पोचलात की पहिल्याच दिवशी जाऊन बघून या. आणि आईंसाठी लोकरीचे मोजे दोन जोड्या.