अनुभव धागा : ‘डॉग सोल्जर्स’ तुम्ही कोणत्या प्रतीवर पाहिला आणि लांडगे किती दिसले?

नेरूळकर (धागाकर्ता)

मंडळी, नील मार्शल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘डॉग सोल्जर्स’ हा पहिला चित्रपट २००२ साली आला. स्कॉटलंडच्या डोंगरांत सरावासाठी उतरलेले सहा सैनिक, पौर्णिमेची रात्र, आडरानातले एक घर आणि त्या घराला वेढा घालणारे नरलांडगे, म्हणजे पौर्णिमेला लांडगे होणारी माणसे, एवढ्यावर सगळा डाव रचलेला आहे. पैसा बेताचा होता. चित्रीकरण बहुतांशी लक्झेंबर्गमध्ये झाले आणि तेही नेहमीच्या ३५ मिमीऐवजी सुपर १६ मिमी या लहान चौकटीच्या फिल्मवर. अमेरिकेत हा चित्रपट चित्रपटगृहांऐवजी दूरचित्रवाणीवरच अवतरला. त्याचे खरे आयुष्य डिस्कवर गेले, आणि प्रत्येक नव्या डिस्कबरोबर त्यातला अंधार थोडा थोडा उजळत गेला. ठाणे आणि नवी मुंबईतील ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांनी आपली प्रत कोणती आणि तीत काय दिसले, ते सविस्तर लिहावे. शेवट कृपया फोडू नये.

कळवेकर

आमची प्रत म्हणजे भाड्याने आणलेली दोन व्हीसीडींची जोडी, जिच्यावर चित्रपटाचे नाव मार्कर पेनने आणि तेही चुकीचे लिहिलेले होते. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावत असे, त्यामुळे पावणेदोन तासांचा चित्रपट मध्येच तुटायचा आणि घरातले सगळे चहाला उठायचे. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आणि सगळ्यांत आधी बळी जायचा तो काळ्या रंगाचा. स्पून नावाचा सैनिक स्वयंपाकघरात तवे, सुऱ्या, जे हाताला लागेल ते घेऊन लांडग्याशी झुंजतो, त्या प्रसंगात आम्हाला प्रत्यक्षात दिसले ते थरथरणारे करडे चौकोन आणि अधूनमधून एखादा दात. आजी देवघरापाशी माळ ओढत बसली होती, तिने मान वळवून विचारले, “अरे, ते अस्वल आहे का?” कोणालाच ठामपणे उत्तर देता आले नाही. तरीही सांगतो, त्या रात्री जितकी भीती वाटली तितकी पुढे कोणत्याही चकचकीत प्रतीने वाटली नाही.

नौपाडेकर

मी बालनाट्यांसाठी प्राण्यांचे मुखवटे आणि अंगरखे तयार करतो, त्यामुळे कळवेकरांच्या आजींचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. फोमचा अंगरखा घालून गडकरी रंगायतनच्या दिव्यांखाली उभ्या राहणाऱ्या नटाचे काय होते, हे मी विंगेतून पाहत आलो आहे. फोम घाम पितो, अंगरखा प्रवेशागणिक जड होत जातो, नटाला जबड्याच्या फटीतून समोरचे वीतभर दिसते आणि विंगेत येताच कोणीतरी हात धरून त्याला खुर्चीपर्यंत न्यावे लागते. ‘डॉग सोल्जर्स’मधले लांडगे असेच अंगरख्यातले आहेत, संगणकाने काढलेले नाहीत. बॉब कीन यांच्या चमूने ते घडवले. उंची यावी आणि पायाला श्वापदाची उलटी दुमड मिळावी म्हणून आतल्या कलाकारांच्या पायांना टेकूसारख्या काठ्या जोडल्या होत्या. अशा काठ्यांवर उभे राहता येते, वाकता येते, दारातून झेप घेतल्याचा आभासही निर्माण करता येतो. पण मोकळ्या जागेत चार पावले चालायला लावले की सगळे सोंग उघडे पडते. आता हे ध्यानात ठेवून चित्रपट पुन्हा पाहावा. लांडगा बहुधा दाराच्या चौकटीत, खिडकीच्या तुटक्या फळ्यांमागे किंवा धुरात पाठीमागून आलेल्या उजेडात दिसतो, आणि पाय चौकटीबाहेर राहतील याची काळजी छायालेखक सॅम मॅक्कर्डी यांनी घेतली आहे. १९८१ साली ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये रिक बेकर यांनी लख्ख उजेडात माणसाचा लांडगा करून दाखवला आणि रंगभूषेचे पहिले नियमित ऑस्कर मिळवले. त्या वाटेला जाण्याइतका वेळ आणि पैसा इथे नव्हता, म्हणून रूपांतराचा मोठा भाग कॅमेऱ्यासमोर घडतच नाही. मला तो कमीपणा वाटत नाही. आपले अंगरखे कुठपर्यंत टिकतील याचा नेमका अंदाज असलेला दिग्दर्शक आमच्या धंद्यात फार क्वचित भेटतो.

मी पाहिली ती डीव्हीडी. तीत मुखवट्यांचे केस आणि नाकावरची ओल स्पष्ट दिसते, शिवणी दिसत नाहीत. माझ्या दृष्टीने तेवढे पुरे.

कोपरीकर

सैन्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, म्हणून लांडग्यांपेक्षा माणसांबद्दल लिहितो. ही तुकडी सरावाला निघालेली असल्याने तिच्याजवळ आवाजापुरती, गोळी नसलेली काडतुसे असतात, आणि खरी शस्त्रे हाती येतात ती उद्ध्वस्त झालेल्या दुसऱ्या एका तळावर. पुढे घरात शिरल्यावर प्रत्येकाने कोणती खिडकी धरायची, किती फैरी उरल्या आहेत, जखमी सार्जंटला कुठे ठेवायचे, याची बोलणी ज्या कोरड्या आवाजात होतात, तो आवाज मला ओळखीचा वाटला. हुकलेल्या फुटबॉल सामन्यावरून चाललेली त्यांची कुरकुरही अगदी खरी. सार्जंटच्या भूमिकेतला शॉन पर्टवी आणि केविन मॅकिड हे दोघे हा चित्रपट पेलतात. सार्जंटची जखम चक्क चिकटवायच्या गोंदाने बंद करतात, ते दृश्य जेवताना पाहू नये. प्रत कोणती होती म्हणाल, तर मुलाने लॅपटॉपवर लावून दिलेली.

खारघरकर

आमच्या इमारतीमागे खाडीच्या अंगाला खारफुटी आहे आणि तिथे कोल्हे आहेत. अंधार पडल्यावर त्यांची कोल्हेकुई खिडकीतून ऐकू येते. चित्रपट चालू असताना ती सुरू झाली आणि सौभाग्यवतींनी टीव्ही बंद करायला लावला. उरलेला अर्धा भाग अद्याप पाहायचा आहे.

वाशीकर

संग्राहक म्हणून थोडी माहिती देतो, कारण या चित्रपटाच्या ब्लू-रेचा इतिहासच मजेदार आहे. २०१५ साली अमेरिकेत स्क्रीम फॅक्टरी या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ब्लू-रे काढली, तेव्हा मूळ निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, हाती लागली नव्हती, म्हणून चित्रपटगृहांसाठी काढलेल्या ३५ मिमी प्रिंटवरून चित्र घ्यावे लागले. सुपर १६ची छोटी चौकट फुगवून केलेली प्रिंट आणि तिच्यावरून घेतलेले चित्र, म्हणजे कण जाड आणि सावल्या गिचमिड. निगेटिव्ह पुढे उपलब्ध झाली आणि २०२२ साली ब्रिटनच्या सेकंड साइटने तिच्यावरून केलेली फोर-के आवृत्ती बाजारात आणली. दोन्ही शेजारी लावून पाहिल्यास जंगलातला हिरवा आणि गणवेशातला हिरवा प्रथमच वेगळे दिसतात.

मागवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. ब्लू-रे ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालावी म्हणून जगाची विभागणी केलेली असते; तीत भारत सी विभागात येतो, ब्रिटन बी आणि अमेरिका ए मध्ये, त्यामुळे परदेशी ब्लू-रे इथल्या साध्या प्लेअरवर अडण्याची शक्यता दाट असते. फोर-के डिस्कला मात्र विभागाचे कुलूप नसते. माझी डिस्क ज्या कुरिअरने आली त्यांनी खोके असे हाताळले होते की डबी दुभंगलेली निघाली आणि भरपाईची पत्रे अजून चालूच आहेत. डिस्क तेवढी बचावली.

सानपाडेकर

वाशीकरांच्या घरी मीही ती फोर-के प्रत पाहिली आणि माझे मत वेगळे पडले. सावल्या उजळल्यावर लांडग्यांची मान वळताना फोम दुमडतो हे दिसू लागते, आणि एकदा ते दिसले की पुढचा सगळा वेळ नजर तिकडेच जाते. नौपाडेकर ज्याला अंदाज म्हणतात, तो त्या काळच्या पडद्यासाठी आणि टीव्हीसाठी बांधलेला होता. आजच्या पंचावन्न इंची पडद्यासाठी तो कोणी बांधला नव्हता.

नेरूळकर (धागाकर्ता)

सानपाडेकर, दोष डिस्कचा की टीव्हीचा, ते आधी पाहायला हवे. दुकानातून आलेले बहुतेक टीव्ही हालचाल गुळगुळीत करण्याची सोय चालू ठेवूनच येतात, आणि त्यामुळे सेकंदाला चोवीस चौकटींचा चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो; अंगरख्याची दुमड त्यात हमखास उठून दिसते. ती सोय बंद करावी, पडद्याची उजळी दुकानातल्या पातळीवरून खाली आणावी आणि सिनेमाचा पर्याय निवडावा. समोरच्या इमारतीचे दिवे थेट दिवाणखान्यात येत असतील तर जाड पडदे ओढून घ्यावेत. एवढे केल्यावरही मत तेच राहिले तर इथे अवश्य लिहावे. आणि वाशीकर, तुमच्या टीव्हीवर ती सोय चालू आहे का, तेवढे आज रात्री पाहून सांगाल का?