वर्गातील छळ आणि मुलाला लाभलेली मैत्रीण

प्रश्न (कोथरूडमधील पालक):
माझा मुलगा सहावीत आहे आणि तो बोलताना अडखळतो, म्हणून वर्गातील काही मुले त्याची नक्कल करतात, डबा लपवतात. अलीकडे मात्र शिक्षण हक्क कायद्यानुसार दुर्बल व वंचित घटकांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेली, कबड्डीत तरबेज असलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसते, त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते आणि कोणी हसले, तर "त्याचं बोलणं संपू दे" असे ठणकावते. तो पुन्हा हसू लागला आहे. आता शाळेत तक्रार करावी का?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ):
अवश्य करावी, आणि तीही लेखी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. ही मैत्री अनमोल आहे. परंतु त्या मुलीला राखणदार करू नका, कारण वर्गाचा रोष उद्या तिच्यावरही उलटू शकतो. शाळेने दाद दिली नाही, तर १०९८ ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

उत्तर (हडपसरमधील पालक):
मला वाटते, तिला एकदा घरी जेवायला बोलवावे आणि तिच्या आईवडिलांचीही ओळख करून घ्यावी. मुलांनी ओलांडलेली दरी मोठ्यांनीही ओलांडायला हवी.

प्रश्नकर्ते:
मनःपूर्वक आभार. सोमवारी मुख्याध्यापकांना पत्र देतो. त्यात तिचे नाव घालणार नाही.